माशी नेमकी कुठे शिंकली?

दिल्लीत नाक वाहायला लागलं की निदानासाठी डॉक्टर लागत नाही. घरमालक निदान करतो, चहावाला करतो, मेट्रोत शेजारी उभा असलेला अनोळखी माणूसही करतो. "एलर्जी है जी, मौसम बदल रहा है." यूपीएससीच्या तयारीसाठी लातूर-सांगलीहून जुन्या राजेंद्रनगरात किंवा मुखर्जीनगरात येऊन पडलेल्या मराठी पोरांना हे वाक्य पहिल्याच फेब्रुवारीत पाठ होतं. मग रात्री आईचा फोन येतो. "आवाज का बसलाय रे?" "काही नाही गं, ॲलर्जी आहे." विषय संपला.

बहुतेक वेळा ते खरंही असतं. धडधाकट प्रौढ माणसाला वर्षाकाठी दोन-तीन वेळा सर्दी होणं अगदी नेहमीचं आहे, आणि दिल्लीत त्यावर हवेची फोडणी. पण या शिंकणाऱ्यांच्या गर्दीत थोडी माणसं अशी असतात की ज्यांचं सायनस दर दोन महिन्यांनी भरतं, यंदा न्यूमोनिया होतो, पुढच्या वर्षी पुन्हा होतो. त्यांच्या रक्तात अँटीबॉडीजच कमी असतात. त्यातली खरी गंमत, म्हणजे डॉक्टरांच्या दृष्टीनं गंमत, अशी की याच माणसांना ॲलर्जीसारखा त्रासही होतो आणि ॲलर्जीची तपासणी मात्र साफ कोरी येते.

दिल्लीचं परागपंचांग

दिल्लीच्या हवेत परागांचे दोन हंगाम असतात. एक फेब्रुवारी ते एप्रिल, दुसरा साधारण सप्टेंबर-ऑक्टोबर. पहिल्या हंगामाचा मोठा मानकरी म्हणजे वावळ. दिल्लीकर त्याला पापडी किंवा चिलबिल म्हणतात. पानं झडलेल्या फांद्यांवर बारीक फुलं येतात, ती कुणाच्या नजरेतही भरत नाहीत, आणि परागांचे ढग मात्र शहरभर. त्याच्या जोडीला महारुख, तुती, एरंड, हरळीसारखी गवतं, चाकवत आणि राजगिऱ्याची रानटी भावंडं. यमुनेकाठी आणि रिकाम्या प्लॉटवर आपोआप उगवणाऱ्या भांगेचे परागही दिल्लीच्या हवेत सापडतात. नशा शून्य, शिंका भरपूर.

आणि विलायती कीकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ. मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. नवी दिल्ली वसवताना उजाड रिजवर झटपट हिरवाई हवी म्हणून इंग्रजांनी ती लावली. झटपट आलीही. मग तिनं रिजवरची देशी झाडं मागे रेटली आणि दिल्लीकरांच्या नाकातही जागा पटकावली. सरकारी कामं वेळेवर होत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी हे एक उदाहरण लक्षात ठेवावं. काही कामं फारच वेळेवर होतात.

दिल्लीकर ज्याच्यावर सगळ्यात जास्त चिडतात त्या सप्तपर्णीची बाजूही ऐकून घ्या. ऑक्टोबरमध्ये तिचा वास रात्री डोकं धरायला लावतो, म्हणून दमा-शिंकांचं सगळं खापर तिच्यावर फुटतं. आपल्याकडेही सातवीण तोडा म्हणून अर्ज जातात. उग्र वासानं दमेकऱ्याला त्रास होऊ शकतो, हे खरं. पण तिचे पराग मुख्यतः कीटकांकरवी फिरतात, वाऱ्यावर नव्हे. ज्या झाडाचं फूल दिसतं आणि वास येतो, त्याच्यावर आळ येतो. ज्याचं फूल दिसतही नाही, ते वावळीचं झाड नामानिराळं.

पुण्याहून निघालेला पाहुणा

दिल्लीकरांना छळणाऱ्या एका तणाशी पुण्याचं जुनं नातं आहे. गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, भारतात ठळकपणे नोंदलं गेलं ते १९५५ मध्ये, पुण्यात. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं मानतात. तिथून ते देशभर पसरलं, आणि आता दिल्लीच्या रेल्वे रुळांच्या कडेला पांढऱ्या फुलांनी डुलत असतं. त्याची ॲलर्जी नाकापुरती थांबत नाही. हवेतून उडालेल्या कणांनी चेहरा, मान, कोपरांचे खळगे असे उघडे भाग लाल होऊन सोलवटतात.

मुंबईकर दिल्लीला राहायला आला की ॲलर्जीची अदलाबदल होते. मुंबईच्या दमट हवेत गाद्या-उशांतल्या धुळीच्या किड्यांचं राज्य. हे किडे डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना हवेतला ओलावा लागतो, आणि दिल्लीचा कोरडा मे महिना त्यांना सोसत नाही. पण दिल्लीकर उन्हाळ्यात कूलर लावतो, घरात ओलावा आणतो, कूलरच्या ताट्यांवर बुरशी वाढवतो, आणि थंडीत वर्षभर बांधून ठेवलेली रजई झटकून अंगावर ओढतो. त्यामुळे किडेही अगदीच बेघर होत नाहीत. शिवाय नव्या गावच्या परागांची ॲलर्जी पहिल्याच दिवशी होत नाही, शरीराला ओळख करून घ्यायला एखाददोन हंगाम लागतात. "मला पहिल्या वर्षी काहीच झालं नव्हतं" असं फुशारकीनं सांगणारे दुसऱ्या-तिसऱ्या वसंतात रुमाल घेऊन फिरताना दिसतात, ते यामुळे.

नोव्हेंबरातल्या धुराला मात्र ॲलर्जी म्हणू नका. धूर, धूळ आणि वाहनांचा वायू श्वासनलिकेला थेट चुरचुरवतात, त्यासाठी अँटीबॉडी लागत नाही. अर्थात आधीच सुजलेल्या नाकाला हा फरक समजावून सांगता येत नाही.

आधी स्वतःच्या पोटात टोचलं

ॲलर्जीच्या शास्त्रात स्वतःवर प्रयोग करणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. मँचेस्टरचे चार्ल्स ब्लॅक्ले स्वतःच गवतपरागांनी बेजार होते. त्यांनी १८७३ मध्ये पुस्तक लिहून दाखवून दिलं की उन्हाळी शिंकांचं मूळ परागात आहे. त्यासाठी पराग स्वतःच्या नाकात घातले, आणि उंचावरच्या हवेत ते किती आहेत हे पाहायला चिकट काचा लावून पतंग उडवले. पंधरा ऑगस्टला दिल्लीच्या गच्च्यांवर जेवढे पतंग उडतात तेवढे त्यांना मिळाले असते तर काय बहार आली असती!

१९२१ मध्ये ब्रेस्लाऊत कार्ल प्राऊस्निट्झ आणि हाइन्झ क्यूस्टनर हे दोघे. क्यूस्टनरला मासळीची ॲलर्जी. प्राऊस्निट्झनी क्यूस्टनरच्या रक्तातला द्रव स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी तिथेच मासळीचा अर्क टोचला. प्राऊस्निट्झना मासळी पचत होती, तरी नेमकी तेवढीच जागा फुगून लाल झाली. म्हणजे ॲलर्जी एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्याच्या कातडीत नेता येते. रक्तात काहीतरी आहे, पण ते काय, हे कळायला पुढची पंचेचाळीस वर्षं गेली.

ते 'काहीतरी' पकडलं जपानी नवरा-बायकोनं. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका यांनी अमेरिकेत डेन्व्हरला १९६६ मध्ये ही वेगळी अँटीबॉडी दाखवली. टोचायला कातडी पुन्हा स्वतःचीच. त्याच सुमारास स्वीडनमधल्या उप्साला इथे योहान्सन आणि बेनिक यांना एका कर्करुग्णाच्या रक्तात कुठल्याच गटात न बसणारं प्रथिन सापडलं. दोन्ही एकच निघालं. १९६८ मध्ये त्याचं बारसं झालं, आयजीई.

चौघींचं घर, आणि गैरहजर धाकटी

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळी गोम इथेच आहे.

कामाच्या अँटीबॉडीज मुख्यतः चार प्रकारच्या. आयजीजी रक्तात सर्वांत जास्त, न्यूमोनियाच्या जंतूंशी दोन हात करणारी. आयजीएम नवा जंतू दिसताच आधी येणारी. आयजीए नाक, घसा, आतडं यांच्या ओल्या पडद्यावर पहारा देणारी. शरीर ती दिवसाला तीन ते पाच ग्रॅम तयार करतं, बाकी सगळ्या मिळून होतात त्यापेक्षा जास्त. आणि आयजीई अगदी चिमूटभर, आयजीजीच्या तुलनेत हजारो पटींनी कमी. मूळ काम जंतांचा बंदोबस्त. जंत कमी झालेल्या शहरात तिनं वावळीच्या परागाला शत्रू मानायला सुरुवात केली, असं बऱ्याच शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे.

ॲलर्जीची तपासणी शोधते ती फक्त या धाकटीला. हातावर परागांच्या अर्काचे थेंब ठेवून टोचतात, पंधरा-वीस मिनिटांत गांध उठली की ॲलर्जी पक्की. सोबत गांध उठवणाऱ्या हिस्टामिनचा एक थेंबही टोचतात, कातडी शाबूत आहे ना हे बघायला. तपासणीआधी काही दिवस सेट्रिझिनसारख्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर सगळंच कोरं येतं. दिल्लीत ही अट पाळणं म्हणजे उपासाइतकंच अवघड.

आता असा प्रौढ डोळ्यांसमोर आणा, ज्याच्या शरीरात अँटीबॉडी बनवण्याचाच दोष आहे. या दोषांच्या एका मोठ्या गटाचं नाव आहे सीव्हीआयडी. साधारण पंचवीस ते पन्नास हजारांत एकाला होतो असा अंदाज आहे, आणि तो बहुतेकदा विशी ते चाळिशीत उघड होतो, म्हणजे जन्मजात विकारांबद्दलच्या आपल्या समजुतीला धक्काच. या माणसाचं नाक चोंदतं, शिंका येतात, दम लागतो. सगळी लक्षणं ॲलर्जीची. तो तपासणीला जातो. हिस्टामिनची गांध टम्म फुगते, परागांच्या जागी मात्र काहीच उठत नाही. रक्तातली आयजीई मोजली तर यंत्राला ती सापडतही नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सीव्हीआयडीच्या सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांमध्ये आयजीई मोजण्यापलीकडे कमी होती. सामान्य लोकांत हे प्रमाण शंभरात तीन-चार.

मग अर्थ काय काढायचा? बेलची वायरच तुटलेल्या घराचं बटण दाबून 'आत कोणी नाही' असं ठरवण्यासारखा तो प्रकार. कोऱ्या अहवालाचा अर्थ 'ॲलर्जी नाही' एवढाच नसतो, 'मोजायचं साधनच नाही' असाही असू शकतो. यातल्या काहींचा त्रास खरंच ॲलर्जीचा नसतो, सततच्या संसर्गानं सुजलेल्या पडद्यांचा असतो. आयजीए कमी असलेल्यांमध्ये मात्र उलट चित्रही दिसतं. त्यांची आयजीई नीट काम करते, आणि त्यांच्यात दमा-ॲलर्जी जास्त आढळते अशा नोंदी आहेत. आयजीएची ही उणीव युरोपात पाच-सहाशे माणसांत एकाला, जपानात मात्र अठरा हजारांत एखाद्याला. बहुतेकांना ती असल्याचा पत्ताही नसतो, आयुष्यभर काही होत नाही.

अमेरिकेतल्या जेफ्री मॉडेल फाउंडेशननं प्रौढांसाठी धोक्याच्या दहा खुणांची यादी केली आहे. वर्षात दोन किंवा अधिक नवे कानाचे संसर्ग, सलग काही वर्षं दरवर्षी न्यूमोनिया, पुन्हा पुन्हा शिरेतून अँटिबायोटिक घ्यावं लागणं, घरात कुणाला असा दोष असणं, वगैरे. त्यात एक खूण अशी: ॲलर्जी नसताना वर्षात दोन किंवा अधिक वेळा सायनसचा संसर्ग. 'ॲलर्जी नसताना' हे दोन शब्द दिल्लीत आले की यादीचं काय होतं, विचार करा. इथे ॲलर्जी नसलेला माणूस आधी शोधून आणावा लागेल.

आयजीई खूप जास्त निघाली तरी निश्चिंत होऊ नये, ही त्याची दुसरी बाजू. दमेकऱ्याच्या श्वासनलिकेत ॲस्परजिलस बुरशीनं ठाण मांडलं की आयजीई पाचशे-हजाराच्या वर उसळते. जॉब सिंड्रोम नावाच्या दुर्मिळ विकारात ती आणखी वर जाते, तरी गळवं आणि न्यूमोनिया पाठ सोडत नाहीत. एकच तपासणी, दोन टोकं, आणि दोन्हीकडे गडबड.

१९५२ : काय वर्ष होतं ते!

त्या एका वर्षात या विषयाशी जोडलेल्या चार गोष्टी घडल्या आणि त्या घडवणाऱ्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

अमेरिकी लष्कराचे डॉक्टर ऑग्डेन ब्रूटन यांनी आठ वर्षांच्या एका मुलाची हकीकत छापली. रक्तात जंतू पसरण्याचे अनेक झटके त्यानं सोसले होते, आणि तपासणीत त्याच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिनच नव्हतं. ब्रूटननी ते बाहेरून टोचलं, मुलगा सुधारला. अँटीबॉडी नसण्याचा आजार ओळखला आणि उपचारही त्याच लेखात, असं वैद्यकात क्वचित होतं.

इंग्लंडमध्ये जिम हर्स्ट यांनी हवेतले बीजाणू आणि पराग पकडणारं यंत्र मांडलं. मिनिटाला दहा लिटर हवा ओढणारं, म्हणजे साधारण माणसाइतकाच श्वास घेणारं. त्याची वंशज यंत्रं आजही जगभर पराग मोजतात. तिथेच हिन्सन आणि सहकाऱ्यांनी वर सांगितलेल्या ॲस्परजिलसच्या दम्याचं पहिलं वर्णन केलं.

आणि मुंबईत केईएमच्या आवारात डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये 'बॉम्बे ब्लड ग्रुप' जाहीर केला. रक्तगट आणि सर्दीचा काय संबंध, असं वाटेल. संबंध पुढे येतो.

दिल्लीनं फार मागे राहायचं नाही असं ठरवलं असावं. विद्यापीठाच्या उत्तर परिसरातल्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटची पायाभरणी १९४९ मध्ये झाली होती, उद्घाटन जानेवारी १९५३ मध्ये. दोन्ही वेळा आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर. संस्थापक संचालक डॉ. रामन विश्वनाथन. फुप्फुसातले 'जे रिसेप्टर' शोधणारे ए. एस. पेंटल पुढे इथेच संचालक झाले. मुखर्जीनगरातल्या शिंकणाऱ्या परीक्षार्थींना ही संस्था रिक्षाच्या अंतरावर आहे आणि निम्म्यांना ठाऊक नसते, हे माझं आपलं निरीक्षण.

याच संस्थेत डॉ. डी. एन. शिवपुरी यांनी दिल्लीच्या परागांच्या अभ्यासाचा पाया घातला, महारुखासारख्या झाडांचे पराग माणसांवर तपासले. त्यांनी एक अस्सल देशी प्रयोगही केला. दम्यासाठी दमवेलीचं पान चघळायला द्यायचं, दिवसाला एक, सहा दिवस. कुणाला खरं पान आणि कुणाला खोटं हे डॉक्टर-रुग्ण दोघांनाही माहीत नाही, अशी काटेकोर चाचणी. साठच्या दशकाअखेर तिचा निकाल उत्साहवर्धक आला. नंतरच्या एका चाचणीत फायदा दिसला नाही. व्हॉट्सॲपवर आजही पहिलाच निकाल फिरतो, दुसरा कुणी पुढे पाठवत नाही. पान चघळून उलट्या होतात, हेही कुणी लिहीत नाही.

स्वस्तातले गुप्तहेर

रक्तगटाचा संबंध आता. आपला गट 'ए' असेल तर रक्तात 'बी'विरुद्धच्या अँटीबॉडीज जन्मानंतरच्या काही महिन्यांत आपोआप तयार होतात. रक्तपेढीत गट दोन्ही बाजूंनी तपासतात. एकदा पेशींवरून, एकदा द्रवातल्या अँटीबॉडीजवरून. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर तंत्रज्ञ चक्रावतो. कधी कधी त्याचं कारण हेच निघतं की रुग्णाच्या शरीरात अँटीबॉडीजच बनत नाहीत. महागडी यंत्रं येण्याआधी डॉक्टर हा दोष असाच हुडकायचे. 'एबी' गटवाल्यांना मात्र हा मार्ग बंद, त्यांच्यात या अँटीबॉडीज मुळातच नसतात.

दुसरा गुप्तहेर तर तुमच्या कपाटातल्या फाइलमध्ये असेल. एनसीआरमध्ये दर सणाला 'फुल बॉडी चेकअप' सवलतीत मिळतं, आणि त्यात यकृताच्या तपासणीत एकूण प्रथिनं आणि अल्ब्युमिन लिहिलेलं असतं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की उरतं ग्लोब्युलिन, ज्यात अँटीबॉडीज येतात. वेल्समधल्या डॉक्टरांनी ही साधी वजाबाकीच चाळणी म्हणून वापरली. लिटरला अठरा ग्रॅमपेक्षा, म्हणजे आपल्या अहवालातल्या एककात १.८ पेक्षा कमी आकडा आला की पुढची तपासणी, आणि त्यातून लपलेले रुग्ण सापडले. आपण मात्र अहवालात कोलेस्टेरॉलचा ठळक आकडा बघून फाइल मिटतो.

तिसरी युक्ती सगळ्यात गमतीची. लस हीच तपासणी. न्यूमोकोकसची लस द्यायची, महिनाभरानं अँटीबॉडीज वाढल्या का मोजायचं. शरीरानं काहीच दखल घेतली नाही, तर एकूण आयजीजीचा आकडा बरा दिसत असला तरी कामात खोट आहे हे कळतं.

हा दोष दर वेळी जन्मापासूनचाच असतो असंही नाही. महिनोन्महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्यानं आयजीजी उतरते. संधिवात आणि काही कर्करोगांत वापरलं जाणारं रिटुक्सिमॅब अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या पूर्वजांनाच काढून टाकतं. फेफऱ्यावरच्या फेनिटॉइननं काहींची आयजीए कमी होते. 'दम्याची गोळी' म्हणून दुकानातून परस्पर स्टेरॉइड घेणाऱ्यांची दिल्लीत वानवा नाही, तेव्हा डॉक्टरांना गोळ्यांची पूर्ण यादी द्यावी.

एका बाटलीत हजार माणसं

उपचार म्हणजे ज्या अँटीबॉडीज नाहीत त्या बाहेरून देणं. शिरेतून, साधारण तीन-चार आठवड्यांनी एकदा, कारण रक्तातली आयजीजी एकवीस दिवसांत निम्मी होते. किलोमागे ४०० ते ६०० मिलीग्रॅम असा नेहमीचा हिशेब. औषधाची प्रत्येक खेप किमान हजार रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून बनावी असा दंडक आहे. म्हणजे कुणाला कधी झालेला गोवर, कुणी घेतलेली धनुर्वाताची लस, कुणाचा जुना फ्लू, सगळ्यांच्या अँटीबॉडीज एका सलाइनच्या नळीतून. कारखान्यात बनवता न येणारं, माणसांनीच दिलेलं औषध, म्हणून महाग.

यात आयजीजी मिळते, आयजीई जवळजवळ नाही. त्यामुळे परक्याची ॲलर्जी फुकट पदरात पडत नाही. प्राऊस्निट्झना जे झालं ते इथे होत नाही.

दिल्लीत एम्स आणि मौलाना आझाद मेडिकल कॉलेज ही दुर्मिळ आजारांची उत्कृष्टता केंद्रं आहेत. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय रुधिर-प्रतिरक्षा संस्था आहे. रक्तगटांच्या संदर्भ केंद्रापासून १९५७ मध्ये सुरू झालेली ही संस्था आज डॉ. मनीषा मडकईकर यांच्यासारख्या तज्ज्ञांमुळे जन्मजात प्रतिकारदोषांच्या तपासणीसाठी देशभर ओळखली जाते.

इकडचं तिकडचं

हिरवा-पिवळा शेंबूड म्हणजे अँटिबायोटिक हवंच, असं नाही. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एका हिरव्या एन्झाइमचा असतो. साध्या विषाणूच्या सर्दीतही तो येतो.

शिंक ताशी १६० किलोमीटरनं धावते, हे शाळेत ऐकलेलं विसरा. मोजणी केल्यावर वेग निघाला सेकंदाला साडेचार मीटरच्या आसपास. सायकलवालाही तिला गाठेल. पण शिंकेबरोबरचा दमट वायूचा लोट सात-आठ मीटर जाऊ शकतो, त्यामुळे मेट्रोच्या डब्यात दूर सरकून फार काही साधत नाही.

कबुतरांना दाणे टाकणाऱ्यांसाठी: सगळी ॲलर्जी आयजीईची नसते. कबुतरांच्या विष्ठेतल्या आणि पिसांतल्या प्रथिनांविरुद्ध काहींच्या शरीरात आयजीजी तयार होते आणि फुप्फुसं हळूहळू घट्ट होत जातात. इथे अँटीबॉडी कमी असणं नव्हे, भलतीच असणं नडतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरच्या कबूतरखान्यावर ताडपत्री चढली आणि केवढं रणकंदन झालं, ते आठवत असेल. दिल्लीत कॅनॉट प्लेसला लोक अजून मुठी-मुठी ज्वारी उधळतात.

पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असं सांगणारे अमेरिकेत दहांत एक असतात. नीट तपासलं तर त्यातल्या दहांपैकी नऊ जणांना काहीच होत नाही. ज्याला वारंवार संसर्ग होतो त्याला अँटिबायोटिकही वारंवार लागतं, आणि लहानपणी अंगावर उठलेल्या पुरळाचा असा शिक्का त्याला जन्मभर महागात पडतो.

वारंवार छातीचे संसर्ग झाले की श्वासनलिका कायमच्या सैल पडतात. त्याला ब्रॉन्किएक्टॅसिस म्हणतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदवहीत २,१९५ रुग्ण होते आणि सर्वांत मोठं कारण होतं जुना क्षय, सुमारे एक तृतीयांश रुग्णांत. त्यामुळे इथला डॉक्टर छातीचा डागाळलेला एक्स-रे पाहून आधी क्षयच म्हणतो, आणि ते चूकही नाही. पण थुंकीत जंतू सापडलेला नसताना क्षयाचा दुसरा-तिसरा कोर्स सुरू होत असेल, तर आयजीजी, आयजीए, आयजीएम एकदा मोजून घ्या असं विचारायला हरकत नाही. ती तपासणी कुठल्याही बऱ्या प्रयोगशाळेत होते.

पल्स पोलिओचे थेंब पहिल्यांदा मोहीम म्हणून पाजले गेले ते दिल्लीतच, २ ऑक्टोबर १९९४ ला. त्या थेंबात जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो. अँटीबॉडी नसलेल्याच्या आतड्यात तो मुक्काम ठोकू शकतो. ब्रिटनमधल्या प्रतिकारदोष असलेल्या एका माणसाच्या विष्ठेतून तो तब्बल २८ वर्षं बाहेर पडत होता. म्हणून असा दोष असलेल्यांना जिवंत विषाणूच्या लसी सहसा देत नाहीत. फ्लूची इंजेक्शनवाली लस वेगळी, ती मृत विषाणूची.

ब्रूटनच्या मुलापासून पित्ताच्या गोळीपर्यंत

ब्रूटननी वर्णन केलेल्या आजाराचं जनुक १९९३ मध्ये सापडलं. त्यातून बनणाऱ्या एन्झाइमला ब्रूटनचंच नाव मिळालं, बीटीके. ते नसेल तर अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी वाढतच नाहीत. पण बीटीके ॲलर्जीतल्या मास्ट पेशींतही असतं, आणि हिस्टामिनची पिचकारी सोडायला त्यांना ते लागतं. तेव्हा औषधकंपन्यांनी उलटा विचार केला. ते बंद पाडणारी गोळी रक्ताच्या कर्करोगासाठी २०१३ मध्ये अमेरिकेत आली. आणि २०२५ मध्ये तिथेच रेमिब्रुटिनिब नावाच्या गोळीला मान्यता मिळाली, ती महिनोन्महिने अंगावर उठणाऱ्या, साध्या गोळ्यांना न जुमानणाऱ्या पित्तासाठी. एका मुलाच्या शरीरात जे जन्मापासून नव्हतं आणि ज्याच्यावाचून तो मरणाच्या दारात गेला, तेच आता दुसऱ्याच्या शरीरात मुद्दाम, मोजूनमापून दाबतात. आणि असं काही दाबणाऱ्या औषधावर रुग्ण असला की डॉक्टर पहिल्यांदा कशावर नजर ठेवतात, तर संसर्गावर.